टू, फ्रॉम आणि पन्हाळा

हापिसातला कॉपियर सगळ्यांना लागतो, पण त्याचा सेटिंग्जचा मेन्यू उघडायची वेळ आली की प्रत्येकाला अचानक मीटिंग आठवते. मग "तू आयटीवाला ना रे?" असं म्हणत ते काम आपल्या गळ्यात येतं. त्यातही सगळ्यात जास्त मागणी "स्कॅन टू ईमेल"ला. काचेवर कागद ठेवायचा, पडद्यावर नाव निवडायचं, हिरवं बटण दाबायचं, की कागदाची पीडीएफ होऊन समोरच्याच्या मेलमध्ये.

आतून बघितलं तर ही दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे कागदाचं चित्र काढणं. हे मशीन झोपेतसुद्धा करेल. दुसरं म्हणजे ते चित्र कुणाकडे तरी पोचवणं. त्यासाठी मेल सर्व्हरचं नाव हवं, पोर्ट हवं (बहुतेक वेळा ५८७), युजरनेम, पासवर्ड, "फ्रॉम"मध्ये टाकायचा पत्ता आणि एक ऍड्रेस बुक. कागद अडकला, टोनर संपला ही रडगाणी वेगळी. पण मेल जात नाही म्हणून फोन आला की दुखणं दोनपैकी एका ठिकाणी असतं. एकतर "टू" चुकलाय, नाहीतर "फ्रॉम"वर सर्व्हरचा विश्वास नाही.

आता विषय इतिहासाचा. पन्हाळ्याचा. गेल्या पावसाळ्यात तिथे ओळखीतल्या एका ऑफिसात असंच मशीन लावून द्यायला गेलो होतो. बाहेर धुकं इतकं की तीन दरवाजाही दिसेना, त्यामुळे हातात वेळच वेळ. जुन्या मशीनचं ऍड्रेस बुक उघडलं तर त्यात नोंदी अशा: "साहेब", "साहेब २", "साहेब नवे". यातले पहिले साहेब बदली होऊन गेले त्याला दोन वर्षं झाली होती. पण "साहेब" हे बटण पहिलं, म्हणून कागद अजून त्यांनाच जात होते. बिचारे तिकडे मुकाट्यानं डिलीट करत असणार. :-)

ऍड्रेस बुकमध्ये माणूस लिहायचा की हुद्दा, हा साधा वाटणारा प्रश्न. याच गडावर १६८० च्या एप्रिलमध्ये तो एका राज्याच्या गादीचा प्रश्न झाला होता.

शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० ला रायगडावर गेले. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. (सज्जा कोठी दाखवताना गाईड लोक सांगतात ती हीच वेळ.) रायगडावर काही प्रधानांनी, त्यात अण्णाजी दत्तो पुढे, दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवायचं ठरवलं. त्यासाठी संभाजीराजांना पन्हाळ्यावरच अडकवून ठेवणं भाग होतं. म्हणून गडाच्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवायचं ठरलं. बखरीत गोष्ट येते ती अशी, की पत्र लिहायला बाळाजी आवजी चिटणिसांना सांगितलं, त्यांनी अंग चोरलं, अक्षर शेवटी त्यांच्या मुलाचं पडलं. पत्र घेऊन जासूद पन्हाळ्यावर आला आणि ते पत्र नेमकं संभाजीराजांच्याच हातात पडलं. ज्याला कैद करायचं त्यालाच कैदेचा हुकूम!

ही चिटणीस बखर बाळाजींच्याच वंशजानं, घटनेनंतर सव्वाशेएक वर्षांनी लिहिली आहे, त्यामुळे चिटणिसांनी अंग चोरलं वगैरे भाग जरा जपूनच वाचावा. पण प्रधानांचा बेत फसला हे तर उघडच आहे. सेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूला गेले, अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पकडून पन्हाळ्यावर आणले गेले, आणि जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर पोचले.

मला यात तांत्रिक गंमत दिसते ती अशी. शिवकाळात गडाची सत्ता एका माणसाच्या हातात नसे. हवालदार, सरनोबत, सबनीस असे बरोबरीचे अधिकारी असत, म्हणजे एक फितला तरी बाकीचे दोन जागेवर. सुरेख व्यवस्था. रायगडाच्या दृष्टीनं "पन्हाळा" म्हणजे हे अधिकारी. पण ज्या गडावर युवराज स्वतः मुक्कामाला आहे, तिथे आलेला जासूद आधी कुणासमोर उभा राहणार? पत्ता बरोबर होता, हुद्दा बरोबर होता. फक्त त्या पत्त्यावरचा मेलबॉक्स त्या महिन्यात दुसराच माणूस उघडत होता.

थोडं या ऍड्रेस बुकबद्दलच सांगतो, कारण तो प्रकार मला भलताच आवडतो. जुन्या मराठी पत्रात आपल्यासारखा घर नंबर, गल्ली, पिनकोड असा पत्ता नसे. वाट जासुदाला ठाऊक. कागदावर असे तो "मायना". सरदाराला लिहायचं तर "अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री", शास्त्री-पंडिताला "वेदमूर्ती", देशमुख-देशपांडे किंवा त्याखालच्या माणसाला "मशहुरल अनाम", वडीलधाऱ्याला "तीर्थरूप", धाकट्याला "चिरंजीव". शेवटही त्याच हिशेबानं. वरच्याला लिहिलं तर "हे विज्ञापना", बरोबरीच्याला "बहुत काय लिहिणे", हाताखालच्याला नुसतं "जाणिजे". म्हणजे नाव झाकलं तरी दोन्ही टोकं बघून कोण कुणाला लिहितोय ते कळावं. हे सगळं पाठ करायला कारकुनांकडे "मेस्तक" नावाच्या वह्या असत. त्यांचं श्रेय परंपरेनं यादवांच्या हेमाडपंताला देतात. माणूस कुठे राहतो यापेक्षा तो आपला कोण लागतो, हे त्या वहीत बघायचं. लग्नपत्रिकेवर "रा. रा." छापतात ना, ते याच राजमान्य राजश्रीचं शेवटचं उरलेलं शेपूट.

आणि "फ्रॉम"? तो तर त्याहून पक्का. पत्राच्या माथ्यावर शिक्का. मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे "पत्राची मर्यादा इथवर" असं सांगणारी लहान मुद्रा, तिच्याखाली कुणी एक ओळ वाढवली तर लगेच उघडं पडावं. प्रधानांची "संमत" अशी खूण. दप्तरात नोंद झाली की "बार". कागद लांब असेल तर तुकडे एकाखाली एक चिकटवून पट्टा करत आणि जोडावर मागून शिक्का मारत. मधला तुकडा काढून दुसरा घातला तर अर्धा शिक्का इकडे, अर्धा गायब. डिजिटल सिग्नेचर काय वेगळं करते सांगा? फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही, एवढंच.

उलट आपल्या ईमेलकडे बघा. मेल पाठवायचे एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेलनं ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले, तेव्हा त्यात पाठवणाऱ्यानं ओळख पटवावी अशी सोयच नव्हती. "मी अमुक" असं म्हटलं की सर्व्हर मान डोलावणार. नेटवर्क लहान, सगळे विद्यापीठातले, एकमेकांना ओळखणारे. युजरनेम-पासवर्ड मागायची तरतूद अधिकृतपणे आली १९९९ मध्ये. आणि २०२२ च्या ३० मेपासून गुगलनं साध्या जीमेल खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी उपकरणं बंद केली, तेव्हा गावोगावचे कॉपियर एका दिवसात मुके झाले. मशीन तेच, पासवर्ड तोच, फक्त शिक्का मानेनासे झाले. आता दोन पायऱ्यांची ओळख चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा ऍप पासवर्ड काढायचा आणि तो मशीनच्या त्या दरिद्री कीबोर्डवर टाइप करायचा. ज्यांनी केलंय त्यांना माझं दुःख कळेल.

असो. पण पुढच्या गोष्टीत शिक्के असूनही भागलं नाही.

१६८९ साली संभाजीराजांची हत्या झाली, रायगडाला झुल्फिकारखानाचा वेढा पडला. राजाराम महाराज निसटून प्रतापगड, पन्हाळा करत सप्टेंबरअखेर पन्हाळ्यावरूनच वेषांतर करून निघाले ते नोव्हेंबरात तामिळ मुलखात जिंजीला पोचले. आजच्या रस्त्यानं हे अंतर सुमारे नऊशे किलोमीटर आहे. पुढची आठ वर्षं छत्रपती तिकडे आणि मुलूख इकडे. मधल्या वाटेवर मोगलांचं सैन्य. एखाद्या देशमुखानं प्रश्न विचारला तर उत्तर यायला किती दिवस, आणि येईल की नाही याची तरी काय शाश्वती!

उपाय एकच होता. "फ्रॉम" वापरायचा अधिकार दुसऱ्याला देणं. इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांच्या हवाली झाला आणि त्यांना "हुकूमतपनाह" हा किताब मिळाला. नाव फारसी, पण अर्थ असा, की यांचा हुकूम तो आमचाच हुकूम. मदतीला शंकराजी नारायण सचिव. तिकडे जिंजीला प्रल्हाद निराजींसाठी प्रतिनिधी हे नवंच पद निघालं. नावातच काम आहे. माझ्या मते मराठेशाही त्या दहा वर्षांत टिकली त्यात संताजी-धनाजींच्या घोडदौडीइतकाच या एका प्रशासकीय निर्णयाचा वाटा आहे. घोडदौडीवर सिनेमे निघतात, अधिकार सोपवण्यावर कोण काढणार?

पण त्याची किंमतही होतीच. पैसा नव्हता, म्हणून लोक बाजूला ठेवायला वतनं, इनामं वाटावी लागत होती. औरंगजेबही वाटत होता. एखाद्या वतनावर दोन भाऊबंदांचा दावा. एकानं रामचंद्रपंतांकडून सनद मिळवली की दुसरा थेट जिंजीची वाट धरायचा आणि तिकडून आपल्या नावाची सनद घेऊन यायचा. दोन्ही कागद खरे, दोन्ही शिक्के खरे. आपल्या भाषेत, दोन सर्व्हर आणि दोघांमध्ये सिंक नाही. या त्रासाचा राग रामचंद्रपंतांच्या मनात शेवटपर्यंत राहिला असावा. १७१५ च्या सुमाराचं आज्ञापत्र त्यांचं मानतात, आणि त्यात वतनदारांवर अख्खं प्रकरण आहे. वतनदार म्हणजे राज्यातले वाटेकरीच, असा त्याचा सूर. ज्यानं दहा वर्षं सनदांचे घोळ निस्तरलेत तोच असं लिहू शकतो.

जिंजी जानेवारी १६९८ मध्ये पडली, त्याआधीच राजाराम महाराज तिथून निसटले होते. दोन वर्षांनी, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर ते वारले. ताराबाईंनी धाकट्या शिवाजीला गादीवर बसवून लढाई चालू ठेवली. १७०१ मध्ये औरंगजेब स्वतः पन्हाळ्याखाली येऊन बसला आणि गड घेतला. १७०५ मध्ये तो परत मराठ्यांकडे आला आणि ताराबाईंचं मुख्य ठाणं झाला. तिथवर "फ्रॉम" एकच होता.

मे १७०७ मध्ये मोगलांनी शाहूंना सोडलं. संभाजीराजांचा मुलगा, अठरा वर्षं मोगली छावणीत. लहानपणी नेलेला, आता पंचविशीचा. इकडे कुणाला चेहरा ओळखता येणार? तोतया आहे, अशी आवई उठली, आणि ताराबाईंच्या बाजूनं तेच सांगितलं गेलं. मग प्रत्यक्ष जाऊन खात्री करायचं काम कुणावर आलं? खंडो बल्लाळ चिटणिसांवर. म्हणजे १६८० च्या त्या पत्रातल्या बाळाजी आवजींचा मुलगा. बाळाजींना आणि त्यांच्या थोरल्या मुलाला संभाजीराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन दिलं होतं. त्याच संभाजीराजांचा मुलगा खरा की खोटा, हे आता यानं सांगायचं. त्यानं सांगितलं, खरा. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे गेले, आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. ही गोष्ट वाचताना मी दर वेळी थबकतो. खंडो बल्लाळ खोटं बोलले असते तर कुणी दोष दिला असता का?

यानंतर ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्याला वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये तिथेही सत्तापालट झाला. राजसबाईंचे पुत्र संभाजी छत्रपती झाले, ताराबाई आणि त्यांचा मुलगा गडावरच कैदेत. (ताराबाईंच्या वाड्यात पुढे शाळा भरायला लागली. इतिहासाच्या तासाला पोरं काय शिकत असतील?) पण बाहेरच्या माणसासाठी महत्त्वाचं एवढंच, की आता साताऱ्याचे छत्रपती एक आणि पन्हाळ्याचे एक. दोघांचेही मायने तेच, आणि दोघांकडेही प्रधान, चिटणीस, शिक्का, मोर्तब.

अशा वेळी कृष्णा-वारणेच्या टापूतल्या एखाद्या देशमुखाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. सकाळी साताऱ्याचा जासूद, वसुलाचा ऐवज आमच्याकडे भरा. दुपारी पन्हाळ्याचा, आमच्याकडे भरा. खोटं पत्र असतं तर फाडून टाकता आलं असतं. दोन्ही खरी असल्यावर काय करणार? मोठ्या सरदारांना निदान बाजू बदलता येई. चंद्रसेन जाधव १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेले आणि पुढे निजामाकडे. कान्होजी आंग्रे ताराबाईंकडून शाहूंकडे आले. गावच्या वतनदाराला बाजू बदलून जायला गाव दुसरं कुठे आहे? हे सगळं निवळायला १३ एप्रिल १७३१ उजाडावा लागला. त्या दिवशी वारणेचा तह झाला, नदी हद्द ठरली, आणि कुणी कुणाला लिहायचं याचा निकाल लागला. जवळजवळ पाव शतक.

या दोन शिक्क्यांच्या काळानं एक सवय मात्र पक्की केली. कागद टाकायचा नाही. आज जे खोटं ते उद्या उपयोगी पडेल. फडक्यात, रुमालात बांधून माळ्यावर. नकलाही करून ठेवायच्या. नक्कल म्हणजे कारकुनानं बोरू घेऊन मोडीत पुन्हा सगळं लिहून काढणं. करवीरची राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात १७८२ मध्ये आली. त्याच्या दोनच वर्षं आधी तिकडे इंग्लंडमध्ये वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटनं पत्राची प्रत काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. ओला पातळ कागद ताज्या शाईवर दाबायचा, अक्षर उलटं उठतं, ते मागच्या बाजूनं वाचायचं. कोरडी प्रत यायला १९३८ उजाडलं. चेस्टर कार्लसन पेटंटच्या कामात, नकला करून करून बोटं दुखायची, म्हणून प्रयोग करत बसला आणि २२ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या अस्टोरियात पहिली प्रत उमटली. तिच्यावर मजकूर काय, तर तारीख आणि जागेचं नाव. दप्तरी वळण! बाजारात चाललेलं पहिलं मोठं यंत्र, झेरॉक्स ९१४, १९५९ चं. आपल्याकडे १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स कंपनी निघाली आणि "झेरॉक्स" हा मराठी शब्दच झाला. मोडी गेली आणि मोदी आलं, असा फालतू विनोद मी इथे करणार नाही.

तर मुद्दा त्या माळ्यावरच्या रुमालांचा. शिवकाळातलं मध्यवर्ती दप्तर आज आपल्याकडे नाही. रायगड १६८९ मध्ये पडला, १८१८ च्या तोफखान्यात जळला. म्हणजे पाठवणाऱ्याचं "सेंट" फोल्डर गेलं. आपल्या हातात जी पत्रं आहेत ती बहुतेक देशमुख, देशपांडे, मठ, इनामदार यांच्या घरची, म्हणजे घेणाऱ्यांचे "इनबॉक्स". वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या विनवण्या करून हेच इनबॉक्स उघडले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने या नावानं बावीस खंड छापले. बरेच कागद त्यांनी स्वतः बसून उतरवले. रद्दीत, वाळवीत आणि वाण्याच्या पुड्यांत किती गेलं त्याची मोजदाद कोण करणार.

कोल्हापुरात राज्य पुराभिलेखागाराचं कार्यालय आहे, करवीरचं दप्तर तिथे रुमालांत बांधलेलं आहे. पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं. जमलं तर एकदा जाऊन बघा. जुन्या घरांतले कागदही आता लोक स्कॅन करायला लागलेत, ही चांगलीच गोष्ट आहे. मी काही फोल्डर बघितले आहेत. सहाशे डीपीआय, रंगीत, एकदम स्वच्छ. फाइलींची नावं मात्र "स्कॅन ०००१", "स्कॅन ०००२". कुणी कुणाला लिहिलंय ते वरच्या मायन्यात आहे, ते मोडीत आहे, आणि मोडी वाचणारं त्या घरात कुणी नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत वर्ग निघाला तर मी नाव घालतोय. बरोबर येणार असाल तर कळवा.